छोटीचा ड्रोन आणि लांबोटीचं रान

सोलापुरात लहान मुलासाठी कॅमेऱ्याचा ड्रोन घ्यायचा असेल तर दुकानात जाण्याआधी नकाशा उघडून बसावं, असं मी आता ओळखीच्या सगळ्यांना सांगते. आपला विमानतळ होटगी रोडवर, वस्तीला अगदी लागून. 29 सप्टेंबर 2024 ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि 9 जून 2025 पासून गोव्याचं विमान सुरू झालं. त्या विमानाची किती वर्षं वाट पाहिली, त्यासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची विमानाच्या वाटेतली चिमणी 2023 च्या जूनमध्ये कशी पाडली गेली, हे सोलापूरकराला नव्याने सांगायला नको. विमानं यायला लागली, म्हणजे खालच्यांनी आपली पायरी ओळखून राहायला हवं.

2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो आणि तो चालवायला पायलटचं लायसन्स लागत नाही. एवढंच ऐकून लोक खूश होतात. पण कुठे उडवायचा याचे नियम या छोट्या ड्रोनलाही आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून 5 किलोमीटरपर्यंतचा पट्टा लाल, म्हणजे बंदीचा, त्यापुढे 8 किलोमीटरपर्यंत पिवळा, म्हणजे परवानगीचा. 8 ते 12 किलोमीटरच्या दरम्यान 200 फुटांपर्यंत मोकळीक, आणि त्याच्याही पलीकडे, दुसरी काही बंदी नसेल तर, 400 फुटांपर्यंत. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हे रंग सरळ दिसतात. आमचं घर जुळे सोलापुरात, म्हणजे थेट लाल रंगात. गच्ची बाद, समोरचं मैदान बाद.

छोटीला तर सिद्धेश्वर तळं वरून बघायचं होतं. तळ्याच्या मधोमध देऊळ, ते आकाशातून कसं दिसत असेल हा तिचा प्रश्न. शेजारचा भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक, देवळात बारा महिने माणसांची ये-जा, आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत तर तिथे पाय ठेवायला जागा नसते. तिला हे सगळं समजावलं. ती दुसरीत आहे. “विमानाला रस्ता लागतो का?” असं विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं. मुलांना नियमामागचं कारण दिलं तर ती आपल्यापेक्षा कडक होतात, हे मला त्यानंतर पुष्कळदा दिसलं. बार्शी रोडला नान्नजकडे मोकळी माळरानं आहेत, असं कुणीतरी सुचवलं होतं. तिथे माळढोकाचं अभयारण्य आहे, तिकडे जायचं नाही, हे थोरल्याने शाळेतल्या माहितीवरून आम्हालाच सांगितलं.

उरलं माझं माहेर. लांबोटीच्या पुढे, मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला भावाचं रान आहे. विमानतळापासून लांब, आजूबाजूला सगळी शेती. जागा ठरली, मग ड्रोन घेतला.

घेताना तीनच गोष्टी पाहिल्या. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आत हवं, चारही पात्यांना पूर्ण जाळी हवी, आणि हात काढला तर तो आहे तिथेच हवेत थांबायला हवा. तिसरी गोष्ट लहान मुलासाठी सगळ्यांत महत्त्वाची. अगदी स्वस्तातले ड्रोन सारखे सावरत राहावे लागतात. सात वर्षांच्या मुलीला ते जमत नाही आणि चार मिनिटांत तिचा हिरमोड होतो. खाली बघणारा छोटा कॅमेरा असलेले ड्रोन जमिनीकडे पाहून स्वतःची जागा धरून ठेवतात. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण हे असावंच. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचे आकडे दुकानदार आधी सांगतो. या आकाराच्या ड्रोनमध्ये ते मी शेवटी ऐकावे म्हणते. खोक्यावर 14+ छापलेलं होतं. त्याचा अर्थ आम्ही असा लावला की रिमोट छोटीच्या हातात असला तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर उभं राहणार. तो नियम आजतागायत मोडलेला नाही.

पहिले धडे हॉलमध्येच. पंखे बंद, पडदे बांधलेले, छोटीच्या दोन्ही वेण्या वर घट्ट बांधलेल्या, माझी ओढणी बाजूला. लांब केस आणि ओढणी या दोन गोष्टी पात्यांजवळ नकोतच. ड्रोन वर उठला, गुडघ्याएवढ्या उंचीवर थांबला आणि सावकाश सोफ्याकडे सरकायला लागला. परत खाली घेतला, सपाट जागी ठेवून कॅलिब्रेशन केलं, म्हणजे त्याचा तोल नव्याने जुळवून घेतला, पुन्हा तेच. हे माहितीपुस्तिका घेऊन बसले. त्यात लिहिलं होतं की खालची जमीन गुळगुळीत, चकचकीत किंवा एकाच रंगाची असेल तर खालच्या कॅमेऱ्याला पकडायला खूण सापडत नाही. आमच्या हॉलला पांढऱ्याशुभ्र फरश्या, त्यांत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलेलं.

सासरे खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. त्यांची उमेदीची वर्षं मागावर गेली. ते उठले, आतून एक जुनी सोलापुरी चादर घेऊन आले आणि फरशीवर पसरली. गडद लाल आणि हिरवी, जॅकार्डची नक्षी, काठाला पट्टे. “घ्या, हिच्यावर उडवा आता,” म्हणाले. ड्रोन उठला आणि चादरीच्या मधोमध थांबला. इकडे नाही, तिकडे नाही. छोटीने रिमोटवरून दोन्ही अंगठे उचलून हवेत धरले, तरी तो तिथेच. आजोबांचा चेहरा मी बघत होते. मग त्यांनी नातीला शेजारी बसवून चादरीवरची नक्षी बोटाने दाखवली, ताण्याचा दोरा कुठला, बाण्याचा कुठला, दोन्ही बाजूंनी चादर सारखी कशी दिसते. त्या दिवशी ड्रोन बराच वेळ बाजूलाच पडून होता. मला त्याचं काही वाटलं नाही.

शिकवायचं कसं, हे आम्ही करत करत ठरवलं. रिमोटला दोन दांड्या. डावीकडची वर-खाली आणि स्वतःभोवती वळवायला, उजवीकडची पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे. दोन्ही एकदम हातात दिल्या की मूल गोंधळतं. म्हणून आधी फक्त डावी, तीही वर-खाली. चादरीवरून उठायचं, छोटीच्या कमरेएवढं यायचं, पाच आकडे मोजायचे, खाली. हे तिला कंटाळा येईपर्यंत. ते हात न थरथरता व्हायला लागलं की मग उजवी दांडी, फक्त पुढे-मागे, चादरीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत.

खरी अडचण पुढे येते आणि ती मोठ्यांनाही येते. ड्रोनची पाठ आपल्याकडे असते तोवर उजवी ती उजवी. तोंड आपल्याकडे झालं की सगळं उलटं. उजवीकडे दांडी ढकलली की तो डावीकडे जातो. छोटी इथे अडली, रडवेली झाली. काही ड्रोनमध्ये ‘हेडलेस’ नावाची सोय असते, ती लावली की तोंड कुठेही असलं तरी डावं-उजवं आपल्याच हिशोबाने चालतं. आमच्यातही होती. आम्ही ती लावली नाही, कारण त्या सवयीने पुढे नीट शिकता येत नाही असं माझं मत झालं होतं. सासूबाईंनी आपल्या पाकिटातली मोठी लाल टिकली काढून ड्रोनच्या मागच्या बाजूला लावली. टिकली दिसली की सरळ चालवायचं, टिकली दिसली नाही की आधी डाव्या दांडीने फिरवून टिकली आपल्याकडे आणायची आणि मगच पुढे जायचं. छोटीला हे लगेच पटलं. “टिकली कुठाय?” हा आमच्या घरातला परवलीचा शब्द झाला. ड्रोन जरा वाकडा गेला की स्वयंपाकघरातून सासूबाई विचारायच्या, “टिकली कुठाय गं?”

बॅटरीबद्दल थोडं सांगायलाच हवं. खोक्यावर लिहिलेली उडण्याची मिनिटं बंद खोलीत, बिनवाऱ्याची असतात. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतात, आमच्या ड्रोनला सात-आठ मिनिटं. चार्जिंगला मात्र तासाच्या वर लागतं. म्हणून जास्तीच्या बॅटऱ्या सुरुवातीलाच घेतल्या. या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या उडवून झाल्या झाल्या गरम असतात, त्या गार होऊ द्यायच्या आणि मग चार्जिंगला लावायच्या, आणि लावून कुणी झोपायचं किंवा बाहेर जायचं नाही. फुगलेली दिसली की वापरायची नाही. महिना-दोन महिने ठेवून द्यायची असेल तर पूर्ण भरून ठेवायची नाही, साधारण निम्मी ठेवायची. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो, त्यामुळे बंद गाडीत बॅटरी ठेवण्याचा विषयच नाही. हे खातं थोरल्याकडे दिलं. तो सातवीत आहे, आणि धाकटीच्या हातात रिमोट बघून त्याच्या मनात जे चाललं होतं त्याला हा उतारा लागू पडला. त्याने बॅटऱ्यांना नंबर टाकले, वहीत नोंद ठेवायला लागला.

मग लांबोटी. यंदा हुरडाच उशिरा झाला. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सीनेला जो पूर आला तो माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर तालुक्यांतल्या नदीकाठच्या लोकांनी भोगलेला आहे. भावाच्या खालच्या रानात पाणी उभं राहिलं होतं. वरच्या रानात ज्वारी पेरता आली, तीही वाफसा आल्यावर, मागास. म्हणून कणसं दुधात यायला वेळ लागला. आम्ही भल्या पहाटे निघालो. वाटेत लांबोटीला थांबून मक्याचा चिवडा घेतला, तो घेतल्याशिवाय माहेरी गेलेलं आईला चालत नाही.

पोचल्यावर पहिलं काम भावाने केलं. आजूबाजूच्या चार रानांत जाऊन सांगून आला की पोरगी खेळण्यातला ड्रोन उडवणार आहे, घाबरू नका. 2024 च्या पावसाळ्यात गावोगावी रात्रीचे ड्रोन फिरतात, चोर पाहणी करतात, अशा चर्चांनी लोकांची झोप उडाली होती. पुणे, बीडकडून त्या बातम्या यायच्या आणि इकडे लोक काठ्या घेऊन जागायचे. त्यामुळे कुणाच्या रानावर कॅमेरा नेण्याआधी त्याला विचारणं हा साधा शेजारधर्म आहे. आमची मुलं तो मामाकडून शिकली. गावाला ड्रोन तसा नवा नाही. गावठाणाची मोजणी ड्रोनने होते, फवारणीचे ड्रोन लोकांनी पाहिलेत, लग्नात तर तो असतोच. सात वर्षांच्या मुलीच्या हातातला मात्र पहिलाच. शेजारचे एक आजोबा धोतर सावरत बांधावर येऊन बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत.

भावाने मोकळ्या पडाकात बारदान अंथरलं, चारही कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली. मातीवरून ड्रोन उडवला की पात्यांच्या वाऱ्याने धूळ उडते आणि मोटरमध्ये जाते, म्हणून उठायला आणि उतरायला बारदान. शेतातली विजेची लाइन एका बाजूला होती, तिच्याकडे पाठ करून उभं राहायचं ठरलं. वारा बघायला वेगळं काही लागलं नाही. हुरड्याची आगटी पेटलेली होती, गोवऱ्यांचा धूर सरळ वर चालला होता. “धूर वाकडा झाला की खाली घ्यायचं,” असं मामाने छोटीला सांगितलं. शंभर ग्रॅमच्या वस्तूला वारा लगेच ढकलतो. आपल्याकडे दहा-साडेदहानंतर ऊन चढलं की रानात वारा सुटतो, त्यामुळे जे काय उडवायचं ते त्याच्या आत.

फोनवर चित्र यायचं तर फोन ड्रोनच्या वायफायला जोडावा लागतो. त्या वायफायला इंटरनेट नसतं, म्हणून फोन आपणहून मोबाइल डेटाकडे पळतो आणि चित्र थांबतं. मोबाइल डेटा बंद केला की काम होतं. ज्यांचा ड्रोन ‘बिघडला’ आहे त्यांनी आधी हे करून बघावं.

आता कामं वाटली. रिमोट छोटीकडे, तिच्या मागे तिचे बाबा. नजर ड्रोनवरून काढायची नाही हे तिचं एकमेव काम. घारीकडे लक्ष ठेवायचं थोरल्याकडे, कारण घारी अशा वस्तूवर झेपावतात. आणि फोन आईच्या, म्हणजे छोटीच्या आजीच्या हातात. हे मुद्दाम. उडवणाऱ्याने पडद्यात डोकं घातलं की ड्रोन कुठे जातोय ते त्याला कळत नाही. लहान मुलाला तर पडद्याचा मोह आवरत नाही. पडदा आजीकडे असला की काय दिसतं ते आजी बोलून सांगणार, आणि छोटी वर बघत राहणार.

बारदानावरून ड्रोन उठला. कमरेएवढा, डोक्याएवढा. मग ज्वारीच्या कणसांच्या वर आला आणि छोटीने तो थांबवला. घरात छताची सीमा होती. इथे वर काही नव्हतं, आणि तिच्या अंगठ्याला ते कळलं असावं, कारण तिने बाबांकडे न बघता विचारलं, “अजून?” हे म्हणाले, “तुला वाटेल तेवढं, बांधावरच्या लिंबाच्या शेंड्यापर्यंत.” ती सावकाश, टप्प्याटप्प्याने चढली. लिंबाच्या शेंड्याशी पोचली तेव्हा तिने श्वास सोडलेला मला ऐकू आला.

आणि मग आई बोलायला लागली.

“ही ज्वारी. हा पाट. आगं ही विहीर बग की!” विहीर म्हणजे जुनी, दगडी, गोल. तिच्या एका कडेने पायऱ्या उतरतात. वरून ती पूर्ण वर्तुळ दिसत होती, आत हिरवट पाणी आणि पाण्यात आभाळाचा एक तुकडा. आई लग्न होऊन आली तेव्हापासून या विहिरीवर पाणी भरत आलेली. “माझा सगळा जल्म हितं गेला, पण वरनं कसली दिसती ते आज बगितलं,” ती म्हणाली. छोटीला ते ऐकून काय झालं कुणास ठाऊक, ती विचारायला लागली, “आज्जी, अजून काय बघायचंय तुला?” तोपर्यंत ती उडवत होती स्वतःसाठी. त्यानंतर ती आज्जीला रान दाखवायला लागली. डावीकडे ने, आता थांब, अजून जरा पुढं. आजी बोटाने हवेत दिशा दाखवायची, आणि नात वर बघत ती दिशा अंगठ्याने पकडायची. दोघींची नजर एकमेकींकडे वळतच नव्हती आणि बोलणं मात्र एकसारखं चाललेलं.

दुसऱ्या बॅटरीला भावाने सांगितलं, नदीच्या अंगाला ने. तिथे ज्वारी संपते आणि खालचं रान सुरू होतं. बांधावरून बघितलं तर ते नुसतं उजाड दिसतं. वरून चित्र वेगळं आलं. पाणी कुठून शिरलं, कुठे वळलं, कुठली माती खरडून नेली आणि कुठे गाळ टाकून गेलं, ते रंगांवरून स्वच्छ दिसत होतं. वरचा भाग काळा, मग एका वाकड्या रेषेपासून खाली पिवळट मुरूम उघडा पडलेला, आणि कोपऱ्यात मऊ करडा गाळ साचलेला. भाऊ फोन हातात घेऊन उभा राहिला. रोज त्या रानात जाणारा माणूस, पण ती रेष त्यानेही कधी सलग पाहिली नव्हती. छोटीने विचारलं, “मामा, इथली माती कुठे गेली?” तो म्हणाला, “नदीनं नेली. आणू परत.” मग त्याने तिला तिथेच ड्रोन थांबवायला सांगितलं, आणि एकाच उंचीवरून, सरळ रेषेत सरकत फोटो काढून घेतले. कोपऱ्यातला गाळ उचलून उघड्या मुरमावर पसरायचा विचार त्याच्या डोक्यात आधीपासून होता. किती भागावर टाकायचा आणि ट्रॅक्टर कुठून घालायचा याचा अंदाज त्याला त्या फोटोंवरून आला. एवढ्याशा ड्रोनचे फोटो मोजणीच्या कामाचे नसतात, पण आपल्याच रानाची चाल समजायला पुरेसे होते. छोटीला आपण मामाचं काम केलं याचा एवढा अभिमान वाटला की ती नंतर आगटीपाशी बसल्यावर सगळ्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगत होती.

हुरडा चालू असताना उडवणं बंद. हात राखेचे, कणसं चोळायची, सुपात पाखडायची, शेंगाची चटणी, गूळ, दही. पण छोटीला सगळ्यांचा वरून फोटो हवा होता आणि त्याची आखणी तिने खाता खाता केली. आजी मध्ये. मामा-मामी डावीकडे. बाबा आपल्या मागेच. दादाने हात वर करायचे. मी उजवीकडे, पण सावलीत नको, “तू दिसणार नाहीस आई.” एरवी फोटोत तिला उभं करतो आम्ही, आज ती आम्हाला उभं करत होती. बांधावरच्या आजोबांनाही तिने हाताला धरून आणून उभं केलं. फोटोत सगळ्यांचे चेहरे वर, डोळे उन्हाने बारीक झालेले, पायांशी आखूड सावल्या, आणि मामीच्या हातात अर्धं कणीस.

त्यानंतर धूर वाकडा झाला. छोटीनेच आधी पाहिलं आणि खाली घ्यायला सुरुवात केली, पण वाऱ्याची झुळूक जोराची होती. ड्रोन तिरका होऊन ज्वारीवर गेला, पानांत अडकला, आणि सुरुवातीपासून शिकवल्याप्रमाणे तिने मोटर बंद करायचं बटण दाबलं. पाती पानांत अडकलेली असताना मोटर चालू राहिली तर ती जळते, म्हणून हे बटण आम्ही तिला हॉलमध्ये खोटं खोटं पडून दाखवत पाठ करून घेतलं होतं. आता शोधायचा कसा? ज्वारी माझ्या डोक्याच्या वर. थोरल्याने तो पडताना ओळ मोजली होती, लिंबाच्या खोडापासून. दोघं भावंडं ओळीच्या दोन्ही बाजूंनी आत शिरली, पानं बाजूला करत. आतून छोटीचा आवाज आला, “टिकली दिसली!”

एक पातं चिरलं होतं. पाती बदलणं हे मला वाटतं मुलाने शिकावंच असं काम आहे. चार पात्यांत दोन एका दिशेने फिरणारी असतात, दोन उलट्या. तिरक्या रेषेत समोरासमोरच्या कोपऱ्यांत सारखी. सगळी एकाच दिशेने फिरली तर ड्रोन स्वतःच गरगर फिरेल, म्हणून ही वाटणी. पात्यावर बारीक A आणि B कोरलेलं असतं. चुकीचं बसवलं तर तो उठतच नाही किंवा उठता उठता उलटतो. छोटीने बारदानावर मांडी घालून आधी तिन्ही चांगल्या पात्यांवरची अक्षरं वाचली, मग पिशवीतलं A काढलं, बसवलं, बोटाने फिरवून बघितलं. स्क्रू फार लहान, तो बाबांनी आवळला. त्या दिवशी वारा काही पडला नाही, त्यामुळे पुन्हा उडवलं नाही. तिने हट्ट केला नाही. रिमोट आणि ड्रोन पिशवीत भरून ती पोपट हाकलायला मामीबरोबर माळ्यावर चढली.

तेव्हापासून लांबोटीला फेऱ्या वाढल्या आहेत. ज्वारी निघाली, रान मोकळं झालं, गाळाचे ट्रॅक्टर चालू झाले. त्या उघड्या भागाचा फोटो दर वेळी त्याच जागेवरून काढायचा असं भावाने छोटीला सांगून ठेवलंय, आणि ती जागा तिने एका दगडाला चुना लावून पक्की केली आहे. सोलापूरहून निघताना आता सासरेही गाडीत असतात.

सध्या ती विहिरीच्या कडेच्या आंब्याभोवती गोल फिरवायला शिकतेय. उजवी दांडी एका बाजूला धरून ठेवायची आणि त्याच वेळी डावीने तोंड हळूहळू उलट वळवत राहायचं, म्हणजे ड्रोन झाडाकडे बघत त्याच्याभोवती फिरतो. दोन्ही अंगठे एकदम आणि वेगवेगळ्या मापाने, मोठ्यांनाही दमवणारं काम. अर्धं वर्तुळ तिचं छान येतं. पुढच्या अर्ध्यात टिकली झाडापलीकडे जाते, ती थांबते, चार पावलं चालून टिकली नजरेत घेते आणि तिथून पुढे सुरू करते. तोवर थोरला ओरडतो, बॅटरी नंबर दोन, एक मिनिट राहिलं.